नर्सिंगच्या मुलामुलींसाठी इंग्रजी वाचनाची पुस्तिका करतेय – काय घालू, काय गाळू?

अनघा_वऱ्हाड

नमस्कार मंडळी. इथे डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्ट, मास्तर असे सगळेच वावरतात म्हणून हा धागा काढतेय, गप्पा भरकटल्या तरी चालतील पण थोडं कामाचं पण सांगा.

मी विदर्भातल्या एका नर्सिंग कॉलेजात इंग्रजी शिकवते. इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०२१ मध्ये बीएस्सी नर्सिंगचा जो सेमिस्टरवाला अभ्यासक्रम आणला त्यात पहिल्याच सेमिस्टरला कम्युनिकेटिव्ह इंग्लिश आहे, २ क्रेडिट म्हणजे ४० तास, आणि परीक्षा कॉलेजच घेतं त्यामुळे अमुकच पुस्तक लावा अशी सक्ती नाही. जीएनएम म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या पहिल्या वर्षालाही इंग्रजी आहेच. आमच्याकडे सध्या जे पुस्तक आहे त्यात पहिला धडा फ्लॉरेन्स नाइटिंगेल, मग स्वच्छतेवर एक निबंध, मग प्राचार्यांना रजेचा अर्ज. नाइटिंगेलबाईंबद्दल आदर आहेच हो, पण क्रायमियन युद्धाचा उतारा पाठ करून पोरी वॉर्डात जातात आणि तिथे त्यांच्या हातात पडतं काय तर केस पेपर, ट्रीटमेंट शीट, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट, इनटेक-आउटपुट, औषधाचं लेबल आणि डिस्चार्ज कार्ड. यातलं एकही त्या पुस्तकात नाही.

म्हणून मी स्वतःच पुस्तिका करायला घेतलीये. ४०-५० पानं, झेरॉक्सवर निघेल अशी. डोक्यात गोंधळ असा आहे की उतारे जसेच्या तसे घ्यावेत का सोपे करून द्यावेत, शेजारी मराठी अर्थ द्यावा का नाही, आणि सुरुवात कशानं करावी. बहुतेक मुलं मराठी माध्यमाची, बारावीपर्यंत इंग्रजी म्हणजे गाइडातून उत्तरं पाठ. बोला आता.

---

पेन्शनर_पाटील

मूळ प्रश्नच चुकीचा आहे. नर्सिंग मराठीतून का नाही शिकवत? पेशंट मराठी, सिस्टर मराठी, डॉक्टर मराठी, आणि कागद तेवढा इंग्रजी. जपानात जर्मनीत असलं काही चालतं का? आधी ते बघा मग पुस्तिका काढा.

---

अनघा_वऱ्हाड

काका, तो वेगळा धागा होईल आणि त्यात मी तुमच्याच बाजूनं लिहीन. पण यंदाची बॅच ऑगस्टात वॉर्डात जाणार आहे आणि ट्रीटमेंट शीट तोवर काही मराठी होत नाही.

---

सिस्टर_इनचार्ज

अनघा मॅडम, पहिल्यांदा तुमचं अभिनंदन की कुणीतरी विचारतंय तरी. मी पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्ड बघते, दरवर्षी नवीन मुली येतात त्यांचं वाचन रोज बघते म्हणून जरा स्पष्टच लिहिते, राग मानू नका.

तुम्ही इंग्रजीचे शिक्षक लोक एक गोष्ट शिकवता ती आम्हाला वॉर्डात येऊन मोडून काढावी लागते. ती म्हणजे शब्द अडला की मागचंपुढचं बघून अंदाज करा. गोष्टीच्या पुस्तकात ठीक आहे, पेपरात उताऱ्याखालचे प्रश्न सोडवायला पण ठीक आहे. ट्रीटमेंट शीटवर अंदाज म्हणजे पेशंटच्या जिवाशी खेळ. आणि हुशार मुलगीच जास्त अंदाज करते, कारण तिचा दहातल्या नऊ वेळा बरोबर येतो! मठ्ठ मुलगी निदान घाबरून विचारायला तरी येते.

उदाहरण देते. इन्सुलिन टेन यू असं हातानं लिहिलेलं असतं, तो यू जरा गोल आणि वरून बंद झाला की शून्य दिसतो, म्हणजे १० चे १०० युनिट. म्हणून युनिट हा शब्द पूर्ण लिहायचा असा नियम आहे, पण लिहितात का सगळे? तसंच १ मिलिग्रॅम लिहिताना १.० लिहिलं आणि टिंब पुसट असलं की १० होतात. आणि .५ लिहिलं, पुढे शून्य नाही, तर ५ होतात. ओडी म्हणजे आमच्याकडे दिवसातून एकदा आणि डोळ्यांच्या विभागात गेलात तर उजवा डोळा. यातलं अंदाजानं काय काय वाचणार?

तर माझं मत, पुस्तिकेत पहिलं पान हे की कुठे अंदाज चालतो आणि कुठे अजिबात चालत नाही. आणि दुसरं म्हणजे छापील सुबक अक्षर देऊ नका. आमच्याकडे जे वाचायचंय ते हातानं लिहिलेलं असतं. सुबक टाइपात वाचणारी मुलगी केस पेपर हातात आला की बघतच बसते.

---

शब्दखोर

सिस्टर, टाळ्या! मी या विषयातलाच माणूस (विशेष हेतूंसाठी इंग्रजी वगैरे शिकवतो इंजिनीअरिंगच्या पोरांना) आणि तुमचा अंदाजाचा मुद्दा आमच्या पुस्तकांत मला इतका थेट लिहिलेला सापडलेला नाही. आमच्याकडे अंदाज हे कौशल्य धरतात. संशोधन पण सांगतं की शंभरातले साधारण ९८ शब्द ओळखीचे असतील तरच उरलेल्या दोनांचा अंदाज नीट बांधता येतो. आता केस पेपरात शंभरात वीस शब्द अनोळखी असले तर कसला अंदाज आणि कसलं काय.

अनघाताई, सोपं करायचं का नाही यावर माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. अवघड काय आहे ते आधी तपासा. आपल्याला वाटतं की हिपॅटोमेगाली, टॅकिकार्डिया असले लांबलचक शब्द अवघड. तसं नसतं. ते शब्द अॅनाटॉमी-फिजिऑलॉजीच्या तासाला दहा वेळा येतात, परीक्षेला येतात, पाठ होतात. हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त, आयटिस म्हणजे सूज, एक्टॉमी म्हणजे काढून टाकणं, एवढी पंधरावीस टोकं धरली की शेकडो शब्द उलगडतात. अडतात ते बारके शब्द, जे कुणीच शिकवत नाही कारण सगळ्यांना वाटतं ते येतातच. अनलेस, प्रायर टू, विथहोल्ड, ओव्हर, ॲज टॉलरेटेड.

डिगॉक्सिनच्या पुढे विथहोल्ड इफ पल्स बिलो सिक्स्टी असं लिहिलंय, म्हणजे नाडी साठच्या खाली असली तर देऊ नका. पोरगी होल्ड एवढंच वाचते. किंवा व्हॅन्कोमायसिन एक ग्रॅम ओव्हर सिक्स्टी मिनिट्स. ओव्हर म्हणजे वर, म्हणजे साठ मिनिटं झाल्यावर द्यायचं असं समजणारी मुलं मी स्वतः पाहिलीत. खरं म्हणजे साठ मिनिटांत हळूहळू सोडायचं, पटकन सोडलं तर पेशंट लालबुंद होतो, बीपी उतरू शकतं. इथे औषधाचं नाव अचूक वाचलेलं आहे आणि चूक झाली ती चार अक्षरी शब्दात.

वाचनीयता मोजायची जी सूत्रं आहेत (फ्लेश वगैरे, १९४८ पासून चालू आहेत) ती इथे लावू नका, ती फक्त वाक्याची लांबी आणि शब्दातले उच्चारखंड मोजतात. पेशंट कॉन्शस, ओरिएंटेड, अफेब्राइल (म्हणजे ताप नाही). तीन-चार शब्दांचं वाक्य, तेही क्रियापदाशिवाय. सूत्र काय सांगणार त्याचं? त्यापेक्षा क्लोझ टेस्ट घ्या. उताऱ्यातला दर सातवा शब्द गाळायचा आणि पोरांना भरायला द्यायचा, १९५३ ची जुनी युक्ती आहे पण फुकट आहे आणि तुमच्याच वर्गावर मोजता येते. चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांच्या खाली भरले तर उतारा त्यांच्या आवाक्याबाहेरचा.

---

मिरची_भजी

बुकमार्क करून ठेवतेय. माझी बहीण जीएनएमला आहे, तिला दाखवते.

---

सातपुडा_०७

मॅडम मी स्टुडंट आहे बीएस्सी सेकंड इयर, नंदुरबार जिल्ह्यातला. नेहमी नुसता वाचतो इथं, आज लिहितो.

तुम्ही मराठी अर्थ देऊ का विचारलं त्यावर सांगायचं होतं की माझी घरची भाषा पावरी. मराठी मी आश्रमशाळेत शिकलो. आमच्या कॉलेजला एका सरांनी शब्दांची यादी दिली होती त्यात एन्लार्ज्ड लिव्हरला यकृतवृद्धी आणि युरिन आउटपुटला मूत्र उत्सर्जन असं होतं. मॅडम आम्हाला लिव्हर कळतं, यकृत कळत नाही. म्हणजे आधी मराठी शब्दाचा अर्थ विचारायचा मग इंग्रजी. असले मराठी अर्थ देऊ नका. त्यापेक्षा चित्र द्या नाहीतर सोप्या इंग्रजीतच द्या.

दुसरं सिस्टर म्हणतात विचारा. विचारायचं कोणाला? इंटर्न डॉक्टरला विचारलं तर तो म्हणतो एवढं वाचता येत नाही का. सिस्टरला विचारलं तर काही काही चांगल्या असतात, काही सगळ्यांसमोर बोलतात. मग पोरं काय करतात एकमेकांना विचारतात आणि दोघांना पण येत नसतं. आणि आम्ही सगळं मोबाइलवर वाचतो, पुस्तिका पीडीएफ असली तर बरं.

---

पेन्शनर_पाटील

@सातपुडा_०७ शाब्बास पोरा. लिहीत जा. आणि यकृतवृद्धीवाल्या सरांना माझा पण नमस्कार सांग, मी मराठीचा अभिमानी असलो तरी हे अती आहे.

---

सिस्टर_इनचार्ज

सातपुडा, तुझं दुसरं म्हणणं खरं आहे, नाकारत नाही. पण विचारायची पण एक पद्धत असते आणि ती कुणी शिकवत नाही. तू जाऊन सर हे काय लिहिलंय असं विचारलंस तर समोरचा वैतागतो. तेच जर सर, बेड नंबर बाराचं फ्युरोसेमाइड, मी चाळीस मिलिग्रॅम आयव्ही बीडी (शिरेतून, दिवसातून दोनदा) असं वाचतेय, बरोबर का, असं विचारलं तर कुणीही वैतागत नाही, कारण तू वाचलंयस आणि खात्री करतोयस हे दिसतं. अनघा मॅडम, हे वाक्य पुस्तिकेत घाला. वाचन शिकवताना विचारणं पण शिकवा.

आणखी एक हात जोडून सांगते, खऱ्या केस पेपरचे मोबाइलवर फोटो काढून पुस्तिकेत घालू नका आणि व्हॉट्सअॅपवर तर बिलकूल नको. नाव खोडलं तरी यूएचआयडी (पेशंटचा नोंदणी नंबर) राहतो, गाव राहतं. कोरा फॉर्म घ्या, पेशंट मनानं तयार करा, आणि दोनतीन वेगवेगळ्या लोकांकडून हातानं भरून घ्या. एक डावखुरा असेल तर उत्तम.

---

अनघा_वऱ्हाड

बापरे, चहा घेऊन येईस्तोवर एवढं सगळं! धन्यवाद सगळ्यांना.

सिस्टर, पटलं. आता असं ठरवतेय की प्रत्येक उताऱ्याच्या समासात दोनच खुणा ठेवायच्या. एक म्हणजे इथे शब्द अडला तर पुढे वाचत जा (हिस्ट्री, आरोग्यशिक्षणाचं पत्रक, सर्क्युलर असलं काही). दुसरी म्हणजे इथे अडलं तर थांब आणि विचार (औषध, डोस, मार्ग, वेळ, ॲलर्जी, रक्तगट). आणि स्वाध्यायात बरोबर उत्तराला मार्क आहेतच, पण जिथे मुद्दाम वाचता न येण्याजोगं लिहिलंय तिथे मला हे वाचता येत नाही असं लिहिणाऱ्याला पूर्ण मार्क आणि ठोकून देणाऱ्याला शून्य. आमचे एचओडी म्हणतील हे काय नवीन, पण बघू.

शब्दखोर, बारक्या शब्दांची यादी आहे का तुमच्याकडे? आणि सातपुडा, तू म्हणतोस ते डोक्यातच आलं नव्हतं. मराठी अर्थांची यादी काढून टाकते. पण मग उत्तरं कोणत्या भाषेत लिहून घ्यायची?

---

देशपांडे_मेडिकल

मी फार्मासिस्ट, दुकान आहे आणि आधी हॉस्पिटल फार्मसीत होतो. लेबलवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. लेबल वाचणं हा स्वतंत्र धडा करा ताई, एका पानात उरकू नका.

हेपारिनचं (रक्त गोठू न देणारं औषध) उदाहरण घ्या. बाजारात ५ मिलीची व्हायल येते तिच्यात दोन प्रकार सर्रास मिळतात. एकीवर २५००० आययू (म्हणजे युनिट) पर ५ मिली, दुसरीवर ५००० आययू पर ५ मिली. आता पहिलीत एका मिलीत ५००० आणि दुसरीत एका मिलीत १०००. ऑर्डर आहे ५००० युनिट. पहिल्या व्हायलमधून १ मिली काढायचा आणि दुसरीतून आख्खी ५ मिली. ज्याला लेबलवरचं पर वाचता येत नाही तो ५००० आकडा शोधतो, दिसला की खूश. गणित चौथीचंच आहे, अडतं ते वाचायला.

इन्सुलिनचं पण तेच. आपल्याकडे ४० युनिट पर मिली वाल्या व्हायल अजून चालतात आणि १०० वाल्या पण. ४० ला लाल टोपीची सिरिंज, १०० ला नारिंगी टोपीची. उलटसुलट झालं तर अडीच पट फरक. माझ्याकडे गिऱ्हाइकं येतात ती कुठलीही द्या म्हणतात, मी व्हायल दाखवल्याशिवाय सिरिंज देत नाही, दोघंचौघं भांडून पण गेलेत.

मग एकसारखी नावं. डोपामिन आणि डोब्युटामिन. म्हणून काही ठिकाणी नावातला जो भाग वेगळा तेवढाच कॅपिटलमध्ये छापतात, टॉल मॅन लेटरिंग म्हणतात त्याला. मुलांना अशा जोड्या शेजारी शेजारी ठेवून वाचायला लावा, घड्याळ लावून.

आणि खोक्यातला तो बारीक अक्षरातला कागद, घडी घातलेला. तो मुलं उघडतच नाहीत, डॉक्टर पण नाही उघडत म्हणा. तो आख्खा वाचायची गरज नसते, त्यात पाहिजे ती ओळ शोधता आली पाहिजे. पॅन्टोप्राझोल ४० चं इंजेक्शन कशात विरघळवायचं? १० मिली सलाइनमध्ये. सेफ्ट्रिॲक्सोन कशाबरोबर द्यायचं नाही? कॅल्शियम असलेल्या द्रावणाबरोबर, म्हणजे रिंगर लॅक्टेट पण आलं त्यात, आणि तान्ह्या बाळांना तर फारच जपून. या दोन ओळी त्या कागदात कुठे आहेत ते दोन मिनिटांत शोध, असा प्रश्न द्या.

---

शब्दखोर

देशपांडे साहेब, शेवटचा परिच्छेद म्हणजे ज्याला आम्ही स्कॅनिंग म्हणून मोठ्या थाटात शिकवतो आणि शिकवायला काय घेतो तर रेल्वेचं टाइमटेबल. औषधाचा कागद त्याहून हजार पटीनं चांगला.

अनघाताई, यादी करून पाठवतो व्यनिनं (व्यक्तिगत निरोपातून). पण यादी म्हणून छापू नका, पाठ करतील आणि विसरतील. एकच ऑर्डर चार प्रकारे लिहून द्या. गिव्ह इफ, गिव्ह अनलेस, डू नॉट गिव्ह अनटिल, होल्ड इफ. आणि विचारा की पेशंटची पल्स ५४ आहे, यातल्या कोणत्या कागदावर तू गोळी देशील. हो किंवा नाही. एका शब्दात कळतं की वाचलंय का नाही.

नर्सेस नोट्समधल्या तुटक भाषेला पण जागा द्या. सी-ओ पेन ॲब्डोमेन, नो एच-ओ व्हॉमिटिंग, के-सी-ओ डीएम. म्हणजे पोटदुखीची तक्रार, उलटी झालेली नाही, मधुमेह आधीपासून आहे. आपण शाळेत कर्ता कर्म क्रियापद शिकवतो आणि वॉर्डातल्या नोटमध्ये कर्ताच नाही. त्यात तो एक नो नजरेतून सुटला की आख्खी हिस्ट्री उलटी. अफेब्राइल मधला पहिला अ पण तसाच, दिसतो एवढासा आणि ताप आहे का नाही ते तोच ठरवतो.

---

लेस्टरचा_नितीन

इकडे रात्रीची ड्युटी संपवून वाचतोय. मी सांगलीचा, इथे यूकेत एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत स्टाफ नर्स आहे. दोन शब्द माझे पण.

आजकाल बऱ्याच मुलामुलींचा डोळा बाहेर जाण्यावर असतो म्हणून ओईटी या आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेबद्दल लिहितो. त्यात रीडिंगचा पेपर ६० मिनिटांचा, ४२ प्रश्न. पार्ट ए मध्ये एकाच विषयावरचे चार छोटे कागद देतात आणि १५ मिनिटांत २० प्रश्न, नंतर तो भाग काढूनच घेतात. पार्ट बी मध्ये कामाच्या ठिकाणचे सहा छोटे मजकूर, मेमो, पॉलिसी, मॅन्युअलचा तुकडा असलं. पार्ट सी दोन मोठे लेख. यूकेच्या एनएमसीला (इथली नर्सिंग कौन्सिल) रीडिंगमध्ये बी ग्रेड लागते म्हणजे ३५०. आयईएलटीएस दिली तर रीडिंगला ७.

आता गंमत बघा, तुम्ही जे म्हणताय ना की लेबल, सर्क्युलर, चार्ट घ्यायचे, ते पार्ट ए आणि बी च आहे जवळपास. म्हणजे वॉर्डासाठी तयार केलं तर परीक्षेची निम्मी तयारी फुकटात होते. उलटं नाही होत. ओईटीचे क्लास करून आलेली मुलं पाहिलीत, पेपरात ए ग्रेड आणि इथं हँडओव्हर शीट वाचताना घाम.

आमच्याकडे न्यूज-टू नावाचा चार्ट आहे, रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा, २०१७ ची आवृत्ती. श्वास, ऑक्सिजन, बीपी, पल्स, शुद्धी, ताप यांना मार्क देऊन बेरीज करायची. ५ झाले की तातडीनं कळवायचं, ७ किंवा जास्त म्हणजे इमर्जन्सी. त्यावर सलग वाक्य म्हणून जवळपास नाहीच, सगळे रकाने, पण ते वाचनच आहे. म्हणून पुस्तिकेत रकाने आणि तक्ते जास्त ठेवा, परिच्छेद कमी.

---

पेन्शनर_पाटील

म्हणजे सगळी तयारी बाहेर पाठवायचीच. इथले पेशंट कुणी बघायचे?

---

लेस्टरचा_नितीन

काका, मी पण सहा महिन्यांतून एकदा हाच प्रश्न स्वतःला विचारतो. पण पगाराची पावती बघितली की उत्तर मिळतं, खोटं कशाला बोलू.

---

सिस्टर_इनचार्ज

उत्तरं कोणत्या भाषेत लिहून घ्यायची हे मॅडमनी विचारलं होतं ते राहूनच गेलं. माझ्या मते लिहूनच घेऊ नका, बोलून घ्या. आणि मराठीत.

कारण बघा, वॉर्डात सिस्टर इंग्रजी वाचते आणि मराठीत बोलते, दिवसभर हेच चालतं. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असतं आणि समोर आजीबाई बसलेल्या असतात, त्यांना सांगायचं असतं की ही पांढरी गोळी सकाळी जेवणाआधी, ही अर्धी रात्री, पाय सुजले किंवा दम लागला तर रविवार असला तरी यायचं, टाके आठव्या दिवशी. परीक्षेत हे कुणीच विचारत नाही! मुलगी डिस्चार्ज कार्ड घडाघडा वाचून दाखवते आणि सांग म्हटलं की आजी बीबीएफ घ्या, असं म्हणते. बीबीएफ म्हणजे बिफोर ब्रेकफास्ट हे आजींना काय माहीत.

तर स्वाध्याय असा द्या. हे कार्ड वाच, कार्ड खाली ठेव, आणि शेजारच्या मुलीला आजी समजून दोन मिनिटांत सांग. शेजारणीनं मग उलट सांगायचं की मला काय कळलं. ज्याची घरची भाषा पावरी त्यानं पावरीत सांगावं, त्याच्या गावच्या पेशंटला तेच लागणार आहे.

---

सातपुडा_०७

सिस्टर हे भारी आहे. पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) पोस्टिंग होतं तेव्हा ओआरएसचं पाकीट वाचून एका बाईला मी पावरीत सांगितलं होतं, एक लिटर पाण्यात आख्खं पाकीट, ग्लासात थोडं थोडं टाकायचं नाही. ती बाई आधी एका ग्लासाला एक पाकीट टाकत होती. पाकिटावर सगळं लिहिलेलं होतं पण इंग्रजी आणि हिंदीत.

---

मिरची_भजी

@सातपुडा_०७ एका ग्लासात आख्खं पाकीट टाकलं तर काय होतं? आमच्याकडे पण असंच करतात.

---

देशपांडे_मेडिकल

मिरचीताई, मीठ फार होतं. डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्याचं पाकीट साडेवीस ग्रॅमचं असतं, एक लिटरसाठी. त्यात मीठ २.६, साखर म्हणजे ग्लुकोज १३.५, बाकी पोटॅशियम आणि सायट्रेट. ते २०० मिलीत टाकलं तर पाचपट दाट, जुलाब थांबायच्या ऐवजी वाढतात आणि लहान लेकराच्या रक्तात सोडियम चढतं. २०० मिलीची छोटी पाकिटं पण मिळतात, ती वेगळी. पाकिटावर किती पाण्यात ते वाचूनच घ्या.

बघा, हाच एक धडा झाला की. तेच औषध, दोन पाकिटं, पाण्याचं माप वेगळं.

---

अनघा_वऱ्हाड

देशपांडे काका, घेतलाच तो. दोन्ही पाकिटांची झेरॉक्स शेजारीशेजारी.

आता सुरुवात ओआरएसच्या पाकिटानं करते. सगळ्यांनी घरी पाहिलेलं असतं, शब्द कमी, माप आहे, एक्सपायरी आहे, इशारा आहे, म्हणजे लेबलाचे सगळे अवयव आले. मग गोळ्यांची स्ट्रिप, मग व्हायल, मग खोक्यातला कागद. दुसऱ्या भागात हातानं लिहिलेली ट्रीटमेंट शीट, चार्ट, सलाइनचे थेंब (५०० मिली आठ तासांत, मिलीला २० थेंबांचा सेट, म्हणजे मिनिटाला साधारण २१, तिथे पण तो ओव्हर येतोच). तिसऱ्यात नोट्स आणि डिस्चार्ज कार्ड, बोलून दाखवायचं. नाइटिंगेलबाई शेवटी एका पानावर, त्यांनी पण तक्ते आणि आकडेच वापरले होते सरकारला पटवायला, तेवढंच घेते.

मोठे लेख मात्र घेत नाहीये. नितीन म्हणतात तो पार्ट सी ज्यांना द्यायचाय त्यांनी तिसऱ्या-चौथ्या वर्षाला वेगळं वाचावं. पहिल्याच सेमिस्टरला सगळं कोंबलं तर परत गाइड शोधत बसतील.

एक अडचण राहतेय. झेरॉक्स काळीपांढरी, त्यात सिरिंजची लाल टोपी आणि नारिंगी टोपी सारखीच करडी दिसणार. न्यूज-टूचे रंग पण गेले. रंगीत छपाईला आमचं कॉलेज पैसे देणार नाही, विचारून झालंय.

---

देशपांडे_मेडिकल

चित्र कशाला, खरी वस्तू आणा वर्गात. न वापरलेल्या सिरिंजा दोन प्रकारच्या मी देतो, फार किंमत नाही त्यांना. रिकामी खोकी आणि आतले कागद पण देतो, माझ्याकडे रोज पोतंभर निघतात.

---

सिस्टर_इनचार्ज

खोकी न्या, पण वॉर्डातल्या रिकाम्या व्हायल कुणी वर्गात नेऊ नका बरं. काच निळ्या डब्यात जाते, २०१६ च्या नियमाप्रमाणे त्याचा हिशेब असतो, मुली पिशवीत घालून नेतात आणि मग मला उत्तर द्यावं लागतं. बंद, मुदत संपलेलं काही असेल तर फार्मसीकडून रीतसर लिहून घ्या.

हातानं लिहिलेल्या शीट मी आमच्या रेसिडेंट लोकांकडून भरून घेते, मनातले पेशंट. एकाचं अक्षर असं आहे की तो स्वतः दुसऱ्या दिवशी मला विचारतो सिस्टर मी काय लिहिलंय. त्याची शीट तुमच्या पूर्ण मार्कांच्या प्रश्नाला घाला.

---

सातपुडा_०७

मॅडम पीडीएफ झाली की इथे लिंक टाकाल का? आमच्या कॉलेजला पण दाखवतो. आणि फाइल लहान ठेवा, हॉस्टेलला नेट नीट चालत नाही, ५ एमबीच्या वर गेली की डाउनलोड अर्ध्यात थांबतं.

---

अनघा_वऱ्हाड

टाकते. फोटो कमी केले की बसेल ५ एमबीत. देशपांडे काका, खोकी कुरिअरने नको, पुढच्या आठवड्यात माझा भाऊ तिकडून येतोय, व्यनित पत्ता कळवा. शब्दखोर, यादी अजून आली नाही!

---

शब्दखोर

आज रात्री नक्की. अनलेसवरच अडकलोय, सहा ऑर्डर लिहिल्या आणि दोन माझ्याच मला परत वाचाव्या लागल्या.